रेवाला कुठं घालायचं

मार्च सरत आला की सापगावाभोवती निळसर धूर उतरतो. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं, तिथं शेण, सुकं गवत, झाडांच्या तोडलेल्या फांद्या पसरतात, वर मातीचा पातळ थर देतात आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन ती जागा भाजतात. त्याला राब म्हणतात. राबाची आग फारशी दिसत नाही. ती मातीखाली चालत राहते, सावकाश, तासन्‌तास. दिसतो तो धूर. वाळत घातलेल्या साड्यांत तो असतो, पिठाच्या डब्यात असतो, एखाद्या तान्ह्या पोराची टाळू हुंगावी तर तिथंही असतो.

या दिवसांत मी खिडक्या लावून घेते. शेजारणींना वाटतं, हिला दम्याचा त्रास आहे. मी तसं वाटू देते. खरं सांगायला बसले तर एक अख्खा उन्हाळा सांगावा लागेल, आणि त्यात मी काही फार चांगली दिसत नाही.

आता रेवा सतरा वर्षांची आहे. काल ती ओसरीवर पाय दुमडून अभ्यासाला बसली होती. तिच्या डाव्या तळव्याच्या कडेची ती गुळगुळीत, थोडी चकाकणारी कातडी मला दिसली. दारापर्यंत धूर आला होता. म्हटलं, आता सांगूनच टाकावं.

तेव्हा ती चार वर्षांची व्हायची होती. बोलायला उशिरा लागली आणि लागली ती अडकतच. 'प' आणि 'आ' ही तिची मोठी संकटं. पाणी मागायचं तर ओठ घट्ट मिटायचे, मानेची शीर ताठ व्हायची, उजवा पाय जमिनीवर आपटायचा, तरी शब्द सुटायचा नाही. मी पुढं होऊन म्हणायची, "पाणी? पाणी हवंय ना?" ती मान हलवायची. मला वाटायचं, मी तिला सोडवलं. उठल्यापासून झोपेपर्यंत मी तिला अशीच सोडवत असे.

मी शहापूरच्या एका हायस्कुलात लिपिक होते. रेवाचे बाबा बसच्या डेपोत मेकॅनिक. घरी सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच रीत आहे. आत्यांचा दिवस देवापासून सुरू व्हायचा आणि देवापाशी संपायचा. माझं माहेर टोकावड्याचं, मुरबाडहून घाटाकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं. माझे वडील, अण्णा, तिथल्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आमच्या घरात देव्हारा नव्हता. अण्णांनी ते कधी मिरवलं नाही. गावच्या सप्त्यात ते पंगतीला वाढायला उभे राहायचे, पत्रावळी उचलायचे, फक्त हात जोडायचे नाहीत. "मुलानं आधी बघावं, विचारावं. मानायचं ते नंतर मानावं," एवढंच म्हणायचे. मी त्यांची एकुलती मुलगी. त्यांचं वाक्य मी अंगात कुडतं घालावं तसं घालून सासरी आले होते.

रेवाला बालवाडीत घालायची वेळ आली तेव्हा आमच्यापुढं दोनच जागा होत्या. एक आमच्याच गावातलं रामाचं देऊळ. तिथं गोदामावशी नावाच्या बाई रोज दुपारी चार वाजता मुलांचा वर्ग घ्यायच्या. श्लोक, आरत्या, देवांच्या गोष्टी, मोठ्यांच्या पाया पडणं. दुसरी शहापुरात, माझ्या हायस्कुलाजवळ, मेधाताईंच्या घरामागची खोली. मेधाताई पुण्याकडून शिकून आलेल्या. त्यांच्याकडं प्रार्थना नव्हती, कुठल्याच देवाचा फोटो नव्हता. शाडूची माती होती, चिंचोके होते, पानांचे ठसे होते. शिक्षकाचा मुलगा, बेकरीवाल्या खानचाचांची नात, परटाची जुळी, सगळी एकाच सतरंजीवर.

आत्या म्हणाल्या, "देवलात घाल गो तिला. घराच्या पाठी देऊल. गोदा जीव लावंल. चार श्लोक शिकंल, हात जोडाया शिकंल. तुझ्या त्या शहापुरात काय, तर माती खेलायची. माती आपल्या दारात नाय का?"

मी रेवाच्या बाबांकडं पाहिलं. ते हातावरचं ग्रीस रॉकेलनं पुसत होते. म्हणाले, "तुमी दोघी ठरवा. मला दोन्ही चालंल."

मी मेधाताईंकडं नाव घातलं. रेवासाठी ठरवते आहे असंच मला वाटत होतं. पण खरं सांगायचं तर नाव घातल्यावर सगळ्यात आधी मी टोकावड्याला पत्र टाकलं. अण्णांचं उलट टपाली कार्ड आलं, 'योग्य केलंस' एवढंच लिहिलेलं. ते कार्ड मी कितीतरी दिवस पर्समध्ये घालून फिरत होते.

मेधाताईंची एक पद्धत होती. सकाळी सगळी मुलं गोलात बसली की त्या प्रत्येकाला विचारायच्या, "आज येताना काय पाहिलंस?" कुणी म्हशीचं पारडू पाहिलेलं असे, कुणी फुटलेली काच. मुलांनी डोळे उघडे ठेवून यावं आणि आपल्या शब्दांत सांगावं, म्हणून तो प्रश्न. इतका चांगला प्रश्न, आणि माझ्या मुलीला तो रोज सकाळी काट्यासारखा टोचत होता. तिनं सगळं पाहिलेलं असायचं. सांगता यायचं नाही. दिवाळीपर्यंत ती गोल बसायची वेळ झाली की माठाच्या मागं जाऊन उभी राहू लागली.

मेधाताई मला म्हणाल्या, "सुनंदाताई, चित्रं सुंदर काढते ती. पण बोलत नाही. मी थांबते हो, हवा तेवढा वेळ थांबते. पण बाकीची मुलं थांबत नाहीत, तिचं वाक्य तीच पुरं करून टाकतात."

मी म्हटलं, "लहान आहेत." मीही तेच करते, हे सांगितलं नाही.

फेब्रुवारीत एके दिवशी शाळेच्या एका जुन्या शिपायाचं निधन झालं आणि आम्हाला दुपारी सोडलं. एरवी मी सहाला घरी यायची, त्या दिवशी चारलाच आले. दाराला कडी. रोज बाराच्या सुमाराला आत्या रेवाला मेधाताईंकडून घरी आणायच्या, तेव्हा दोघी घरात असायला हव्या होत्या. शेजारीण म्हणाली, "देवलात असतील. रोज जातात ना चारला."

रोज. मला माहीत नव्हतं.

देवळाच्या मागच्या बाजूला मी पोचले तेव्हा आतून मुलांचा एकसुरी आवाज येत होता. दिव्याचा श्लोक चालला होता. पंधरावीस मुलं, हातांनी मांड्यांवर ठेका धरून. त्या आवाजांत एक आवाज थोडा चिरका, थोडा पुढं धावणारा. तो मी ओळखला आणि माझे पाय जागीच थांबले. रेवा म्हणत होती. एका दमात, कुठंही न अडखळता, 'प'वर नाही, 'आ'वर नाही. मी तिचा आवाज असा सलग कधी ऐकलाच नव्हता. कुणा परक्या मुलीचा ऐकावा तसा मी तो ऐकत राहिले. भिंतीचा चुना माझ्या हाताला लागला होता, तो नंतर घरी गेल्यावर दिसला.

वर्ग सुटल्यावर मी आत गेले. गोदामावशी उठून उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या, कपाळ मोकळं. "सुनबाई, रागावू नको. तुझ्या सासूनं सांगितलंय, तुला आवडनार नाय. पन पोर बोलतंय गो. बग ना, बोलतंय."

रेवा माझ्याकडं पाहत होती, चोरी पकडल्यासारखी. मी तिला उचललं. वळताना मला भिंतीवरचा तक्ता दिसला.

मोठा, रंगीत, चौकटी चौकटींचा. पाप केलं की मेल्यावर काय होतं त्याचा. एका चौकटीत काळे दूत एका माणसाला उकळत्या तेलात बुडवत होते. एकीत खोटं बोलणाऱ्याची जीभ सांडशीनं ओढत होते. आणि खालच्या ओळीत देवाला न मानणारा माणूस, धोतर नेसलेला, आगीत उभा. मुलं बसायची ती बरोबर त्याच्यासमोर.

मी तो पाहिला होता. हे मला लिहायलाच हवं. मला कळलं नाही, माझ्या लक्षात आलं नाही, असं काही झालं नाही. मी नीट पाहिला, आणि कडेवर माझी बोलू लागलेली मुलगी होती, म्हणून मी गप्प राहिले. घरी आत्यांशी भांडले ते चोरून नेल्यावरून. तक्त्याबद्दल बोलले नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "न्या तिला. चारला न्या." आणि अण्णांना कळवलं नाही. त्यांच्या पत्रात मी मेधाताईंच्या मातीच्या बैलांबद्दल लिहीत राहिले.

एप्रिलमध्ये सुट्टी लागली आणि रेवाला घेऊन मी टोकावड्याला गेले.

अण्णा निवृत्त झाल्यावर शेतात रमले होते. रस्त्यालगत त्यांचा छोटा तुकडा होता, मागं घाटाचे डोंगर उन्हानं पुसट झालेले. त्या दुपारी ते राब भाजत होते. हातात हिरवी फांदी, खांद्यावर ओलं पोतं, आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून कडेकडेनं फिरत. मी किटलीत चहा घेऊन बांधावरच्या आंब्याखाली उभी होते. रेवा माझं बोट धरून. वारा फिरला आणि धुराचा एक लोट अण्णांच्या भोवती उठला. धोतर नेसलेला माणूस धुरात उभा, पायाशी आगीची बारीक रेघ.

रेवानं माझं बोट ओढलं. "आ... आ... आ..."

मी चहा ओतत होते. म्हटलं, "आजोबा. हो, आजोबाच आहेत ते."

तिनं जोरात मान हलवली, नाही नाही अशी. पाय आपटला. "आ... आ..."

"अगं हो, आजोबा. बोलावू त्यांना?"

आणि तिनं माझं बोट सोडलं.

तिला 'आग' म्हणायचं होतं. किंवा 'आजोबांना आगीत टाकलं' म्हणायचं होतं. मी तिचा शब्द तिच्या तोंडातून काढून घेतला, आणि तोही चुकीचा. म्हणून ती स्वतः धावली, आजोबांना बाहेर ओढून काढायला. राबाचा जो भाग आधीच भाजून झाला होता तो वरून नुसती काळी माती दिसत होता. खाली निखारे होते. ती सरळ त्यावरून गेली. तिच्या पायात रबरी स्लिपर होत्या, त्यातली डावी दुसऱ्याच पावलाला निघून पडली.

तिची किंकाळी मी ऐकली तेव्हा किटली माझ्या हातातच होती. अण्णा म्हातारे, गुडघे दुखणारे, पण माझ्या आधी पोचले. तिला उचलून बांधावर आणलं, प्यायच्या पाण्याचं मडकं तिच्या पायावर हळूहळू रिकामं केलं. मी शेजारच्या विहिरीवरून घमेलं भरून आणलं. अण्णा तिला मांडीवर घेऊन बसले, पाय पाण्यात. ती थरथरत होती आणि तिच्या तोंडून काहीतरी बाहेर यायला धडपडत होतं. "आ... आ..." मान ताठ, डोळे फिरायला लागलेले, श्वास कोंडलेला.

"दुखतंय? आई हवी? आई आहे इथंच. आग होतेय का?" मी एकावर एक शब्द तिच्यावर टाकत होते.

अण्णांनी हात वर करून मला थांबवलं. आयुष्यात त्यांनी मला इतक्या कठोरपणे कधी गप्प केलं नव्हतं. मग त्यांनी तिच्या पाठीवर एका लयीत थोपटायला सुरुवात केली, आणि दिव्याचा तोच श्लोक ते म्हणू लागले. सावकाश, ठेका धरून. माझे अण्णा. मला वाटलं मला भास होतोय.

दुसऱ्या ओळीला रेवाचा श्वास सुटला. तिसऱ्या ओळीला तिचा बारीक आवाज त्यांच्या आवाजात मिसळला. श्लोक संपला आणि त्याच लयीवर, न थांबता, ती बोलली, "आजोबा, तुमाला आगीत टाकलं होतं. तुमी देवाला हात जोडत नाय म्हणून."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

गावातल्या डॉक्टरांनी पट्टी बांधली. डाव्या पायाची कड आणि दोन बोटं भाजली होती. जखम चिघळली नाही तर चालायला अडचण येणार नाही, म्हणाले. रेवा रडून रडून झोपली. उन्हं कलली होती. अंगणात अण्णांनी मला समोर बसवून विचारलं आणि मी सगळं सांगितलं. देऊळ, सलग आवाज, तक्ता.

"तक्ता तू पाहिला होतास?"

"हो."

"मला का नाही कळवलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," ते म्हणाले. "मग? मला वाईट वाटू नये म्हणून ते पोर त्या चित्रासमोर एकटं बसलं होतं."

मला रडूही आलं नाही. मी विचारलं, "तुम्हाला श्लोक कसा येतो?"

"माझ्या आईनं शिकवलेला. माझी धाकटी बहीण तापानं गेली तेव्हा लोक म्हणाले, आईच्याच हातून काही पाप झालं असणार. आईला ते खरं वाटलं. शेवटपर्यंत खरं वाटत राहिलं. तेव्हापासून मी हात जोडले नाहीत. पण शब्द कुठं जातात? ते राहतात." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू देवळात पाठवलंस त्याचं मला काही नाही, नंदा. ती घाबरली होती आणि आपल्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं, त्याचं आहे."

इथं गोष्ट थांबली असती तर बरं झालं असतं. पण माझ्या अंगात राग शिल्लक होता, आणि तो मी काढला सगळ्यात चुकीच्या माणसावर. दुसऱ्या दिवशी सकाळी रेवाच्या पायाची पट्टी बदलताना मी तिला म्हटलं, "हे बघ, ते चित्र खोटं आहे. आजोबांना कुणी आगीत टाकणार नाही. देव-बीव काही नसतो. कळलं?"

आजोबांचं ऐकून तिचा चेहरा मोकळा झाला. पुढचं ऐकून पुन्हा मिटला. तिचे ओठ हलायला लागले. मी सवयीनं तोंड उघडलं, पण अण्णांचा वर झालेला हात आठवला आणि मी दातांखाली जीभ दाबली. फार वेळ लागला. कोंबडी अंगणातून जाऊन परत आली.

"म... मग मी... को... कोनाशी बोलू?"

"म्हणजे?"

तिनं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. ती देवाशी बोलायची. श्लोक म्हणून झाले की डोळे मिटून, मनातल्या मनात. मेधाताईंकडं जाताना जे जे पाहिलेलं असायचं, ते सगळं. बेकरीसमोरचं तीन पायांचं कुत्रं. पुलाखालचं पाणी. मला चिडलेलं पाहिलं ते. तिथं ती अडकायची नाही. आणि तिचं बोलणं होईपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नाही.

मी पट्टी हातात धरून बसले होते. देव आहे की नाही यावर मी अण्णांकडून ऐकलेलं सगळं मला येत होतं. यावर मला काही येत नव्हतं. माझ्या मुलीला पोटातलं सगळं सांगायला ऐकणारं कुणीतरी सापडलं होतं, कारण घरात ऐकणारं कुणी नव्हतं. आणि मी तेही एका वाक्यात काढून घेतलं होतं. पुढं कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात ते वाक्य मागं घेत आले. लहान मुलाला सांगितलेली गोष्ट मागं घेता येत नाही.

सापगावला परतल्यावर आत्यांनी पाय पाहिला आणि मटकन खाली बसल्या. "माज्यामुलं झालं गो," एवढंच म्हणत राहिल्या. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, जमलं नाही. आम्हा दोघींत त्या दिवशी फारसा फरक उरला नव्हता.

संध्याकाळी गोदामावशी आल्या. उंबऱ्याशी बसल्या, आत आल्या नाहीत. मी तक्त्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी पदर तोंडावर घेतला. "मीबी त्याच चित्राला भिऊन मोठी झाले गो. नवरा गेला, पोर राहिलं नाय, तवा वाटलं, कंच्या चौकटीतलं पाप असंल माजं? रोज बगते. पोरांनाबी दिसत असंल, हे ध्यानातच नाय आलं."

"काढून टाका ना तो."

"देनगीचा हाय. खाली देनाऱ्याचं नाव हाय. मी कोन काढनार?" मग विचार करून म्हणाल्या, "मी पोरांना तोंड फिरवून बसवीन. त्याच्याकडं पाठ करून. तेवडं माज्या हातात हाय."

आणि त्यांनी तसं केलं. त्या स्वतः मात्र मुलांकडं तोंड करून, म्हणजे तक्त्याकडं तोंड करून बसायच्या.

पुढचं थोडक्यात सांगते. रेवाचं अडखळणं गेलं नाही. कमी झालं, आजही 'आ'वर ती थबकते, आणि तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी जेवत नाही. अण्णांनी तो श्लोक मी असताना पुन्हा कधी म्हटला नाही. दोन वर्षांनी ते गेले तेव्हा रेवानं त्यांच्या उशाशी बसून तो म्हटला. त्यांना ते चाललं असतं का, मला माहीत नाही. मी तिला थांबवलं नाही. मेधाताईंना मी सगळं सांगितल्यावर त्यांनी सकाळचा प्रश्न सोडला नाही, पण सांगायचं की काढून दाखवायचं हे मुलांवर सोपवलं. रेवानं वही भरून तीन पायांची कुत्री काढली. ती देवाला मानते का, हे मी तिला विचारलेलं नाही. कधी कधी परीक्षेआधी डोळे मिटलेली दिसते. तिथं माझं काम नाही, हे शिकायला मला फार वेळ लागला.

पण त्या जूनची एक सकाळ सांगायची राहिली. शाळा उघडायला चार दिवस होते. आत्या म्हणत होत्या, आता कुठंच नको, घरीच राहू दे. रेवाचे बाबा पहिल्यांदाच म्हणाले, "आपन तिघं ठरवतो. तिला कोनी विचारलंय का?" आणि डबा घेऊन डेपोवर गेले.

मी ओट्याला पाठ लावून तिच्यासमोर खाली बसले. तिचा पाय बरा झाला होता, नव्या कातडीला खाज सुटायची म्हणून ती तो फरशीवर घासत होती. मी विचारलं, "रेवा, तुला कुठं जायचंय? मेधाताईंकडं, मावशीकडं, की कुठंच नाही?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं. ओठ पुढं आले. "दू... दू..."

मनात शब्दांची रांग लागली. दूर? दोन्हीकडं? दुपारी? एकेक शब्द जिभेच्या टोकावर येत होता आणि मी तो गिळत होते. तिच्या मानेची शीर ताठ झाली. पाय आपटला. मी हात मांडीखाली दाबून धरले. बाहेरून कुणीतरी मला हाक मारली, मी ओ दिली नाही. "दू... दू..." तिचे डोळे मोठे झाले होते, बोट माझ्या डोक्यावरून कुठंतरी जात होतं. मी म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही, तिच्याकडं बघत राहिले. माझी मुलगी शब्द ओढून काढत होती आणि मी पहिल्यांदा तो पुरा बाहेर येईपर्यंत बसले.

"दूध... उतू... गेलं, आई."

मागं वळून पाहिलं तर ओटाभर दूध, गॅस विझलेला, पातेल्याच्या कडेला साय करपलेली. रेवा हसायला लागली. आधी बारीक, मग पोट धरून. मलाही हसू आलं, आणि ते कुठं संपून रडू कुठं सुरू झालं, मला सांगता येणार नाही.

मी गॅस बंद केला, फडकं भिजवून ओटा पुसायला घेतला. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, एका हातानं माझा पदर धरून, आणि सांगायला लागली. सकाळी माती. मग घरी जेवण. शनिवारी मावशी, पण आत्यांनी बाहेर बसायचं, आणि कधी कधी मी. चित्राकडं पाठ. आजोबांना पत्र. प्रत्येक शब्दापाशी ती थांबत होती आणि मी फडकं थांबवून वाट बघत होते. ओटा पुसून झाला, फडकं पिळून झालं, पातेल्यातलं करपलेलं दूध गोठ्याकडं ओतून झालं. मला कामाला उशीर झाला होता. रेवाचं सांगणं अजून चाललंच होतं.